डाव्या हाताचा चुडा

"काकी, आधी उजवा घ्या," वैजू म्हणाली आणि डावा हात तिनं पदराखाली ओढून घेतला.

मी सोप्यात पोतं अंथरून बसले होते. पुढ्यात हिरव्या बांगड्या, वाटीत खोबरेल, मांडीवर ओलं फडकं. सातव्या महिन्याचं डोहाळजेवण होतं. आत पुरण शिजत होतं, बाहेर बाया वैजूच्या अंगावर घालायला फुलांचे दागिने गुंफत होत्या.

"दोन्ही हातात घालायच्यात गं. आधी काय आन् मागनं काय," मी म्हणाले.

"उजवाच," ती म्हणाली. मग थांबली, श्वास घेतला आणि पुढचा शब्द बोलली, "घ्या."

एवढ्याशा बोलण्यात तिला मध्ये दम घ्यावा लागला. मी वर बघितलं. तोंड सुजलेलं, ओठ फिकट, गळ्याजवळची शीर उडत होती. तेवीस वर्षांची पोर.

"यमुनाकाकी, पोरगा हाय का पोरगी, सांगा की हात बघून," एक बाई म्हणाली.

"कासारणीला समदं म्हाईत असतंय," दुसरी म्हणाली, "पर तोंड शिवून घेतलेलं असतंय तिनं. मारून टाकलं तरी सांगायची न्हाई."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

खरंच होतं ते. बांगड्या भरणारी बाई घराच्या आत जाते, हात हातात घेते. कुणाच्या मनगटावर मुरगळल्याचे वळ आहेत, कुणाच्या कोपराला चटका आहे, कुणाची बोटं दिवस गेल्यानं सुजलीत आणि घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, हे सगळं कासारणीला आधी कळतं. आणि ती ते बोलत नाही. माझ्या सासूनं मला धंदा शिकवला तेव्हा पहिल्याच दिवशी हे शिकवलं, बांगडीची मापं नंतर. बोलणारी कासारीण दुसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या आत येत नाही.

वैजूचा उजवा हात मी तेलानं चोळला. लग्नात या हाताला सव्वादोनची बांगडी बसली होती. आज अडीचची अडकत होती. आणि मनगटावर अंगठा दाबला की आतला ठोका धाडधाड आपटत होता.

"लई सुजलाय हात," मी म्हणाले.

"दिवसात येतीच की सूज." हे गोदाक्का म्हणाल्या, वैजूची सासू. हातात काचेचा पेला. "घे गं, पी. सकाळचं राहिलंय."

"काय हाय त्यात?"

"लिंबू, साखर आन् मीठ. बीपी लो हाय तिचं. पहिल्या महिन्यापासनं लोच हाय. कार्डावर लिवलंय डाक्टरनं. दिवसातनं चार पेले पाजते मी. ताकात मीठ, भातावर मीठ, खारातल्या मिरच्या. काय कमी पडू दिलं न्हाई."

आणि खरंच दिलं नव्हतं. गोदाक्कांना वाईट म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या भागातले निम्मे पुरुष गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, मुलखाबाहेर असतात. त्यांचा शिवदास कोइमतूरला होता, वर्षातून दोनदा यायचा. या घरात या दोघीच. वैजूचे दोन गर्भ आधी पडले होते, एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. पाचव्यातला गोदाक्कांनी स्वतः फडक्यात गुंडाळून नेऊन पुरला होता. त्यानंतर त्यांनी कुठला तरी देवऋषी गाठला आणि वैजूच्या उजव्या दंडाला ताईत बांधून आणला. चांदीची पेटी शिवदासनं घडवून पाठवलेली, वर काळा दोरा, सात गाठी. बाळ होईपर्यंत सोडायचा नाही, सैल करायचा नाही, त्याच्यावर काही आवळायचं नाही. आता दंड इतका सुजला होता की दोरा मांसात रुतला होता.

"झोपतीस कशी गं?" मी हळू विचारलं.

"बसून."

"बसून?"

"भिंतीला टेकून. आडवं झालं की पाण्यात बुडाल्यागत हुतंय."

"सासूला सांगितलंस?"

"त्या रातभर पाठ चोळत्यात," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

सहावी बांगडी चढवताना ती तडकली. कट् असा आवाज झाला आणि सोप्यातलं बोलणं बंद पडलं. डोहाळजेवणात चुड्यातली बांगडी फुटली.

"वाढवली गं, वाढवली," गोदाक्का घाईनं म्हणाल्या आणि कपाळाला हात लावून पुटपुटल्या. "यमुने, हात जरा हलका ठेव की. कशाला दाबतीस?"

मी तुकडे फडक्यात गोळा केले आणि उजव्या हातातल्या अकरा पुऱ्या केल्या. मग म्हणाले, "दे डावा."

तिनं पदराखालून हात काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

थंडगार हात. उजव्यापेक्षा बारीक. मी मनगट धरलं आणि माझा अंगठा थांबला.

चौदाव्या वर्षापासून मी हात धरतेय. हाड दाबून तळवा मिटवायचा म्हणजे अंगठा नेमका नाडीवर येतो. ठोका माझ्या ध्यानातही येत नाही, इतका तो नेहमीचा. ध्यानात येतो तो नसला की. वैजूच्या डाव्या मनगटात काहीच नव्हतं. मी अंगठा सरकवला. दोन बोटं लावली. काही नाही. बाई जिवंत माझ्यासमोर बसलीय, तिच्या उजव्या हातात हातोडा आपटतोय आणि डावा हात मेलेला.

"काय झालं?" गोदाक्कांनी विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणाले. सवयीनं म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की मला माझीच किळस आली.

दोन बांगड्या चढवल्या. तिसरी हातात घेतली तोवर वैजूला खोकला आला. थांबेना. तिनं माझ्याच मांडीवरचं ओलं फडकं ओढून तोंडाला लावलं. काढलं तेव्हा त्यावर फेस होता. साबणासारखा, आणि गुलाबी.

"आक्का, गाडी बोलवा," मी म्हणाले.

"अगं पर ओटी भरायची हाय अजून. पाच मिनटात—"

"गाडी बोलवा म्हणते न्हवं!"

आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या सोप्यात ओरडले. शेजारचा जीपवाला आला. मी बांगड्यांचं गाठोडं काखेत मारलं आणि मागं वैजूशेजारी बसले. गोदाक्कांनी बघितलं.

"तू कुटं?"

"डावा हात अर्धा राहिलाय. अर्धा चुडा सोडून उठत न्हाई आमी."

आमच्यात तशी रीत आहेच. पण मी त्यासाठी गाडीत बसले नव्हते.

*

तालुक्याच्या गावी जगदाळे डॉक्टरांचा बाळंतपणाचा दवाखाना होता. वैजूची तपासणी पहिल्यापासून तिथंच. बाहेर बाकावर पोटुशा बायांची रांग, आत एक खाट, एक टेबल, भिंतीवर गुबगुबीत पोराचं चित्र. मोहिते सिस्टर नावाची चाळिशीची बाई सगळं चालवायची. वैजू खाटेवर बसली. आडवी करायला गेलो तर तिनं सिस्टरांचा हात धरून नको नको म्हणून मान हलवली.

सिस्टरांनी बीपीचा पट्टा काढला.

"उजव्याला नको," गोदाक्का म्हणाल्या. "ताईत हाय."

"माहितीय हो आजी. दर वेळी डावाच घेते की मी."

दर वेळी. सात महिने. मला तिथंच कळायला हवं होतं. पण डोक्यात गोष्टी एकापाठोपाठ येतात, एकदम येत नाहीत.

सिस्टरांनी फुगा दाबला, कानात नळी लावून ऐकलं. पुन्हा दाबला. "सर, ऐंशी-पन्नास. तेही नीट लागत नाहीये."

जगदाळे डॉक्टर आत आले, उभ्या उभ्याच कार्ड बघितलं. "नेहमीचंच. लो आहेच हिचं. आज जास्त आहे. काही खाल्लंय का सकाळपासून?"

"मीठ-साखर-पानी दिलंय," गोदाक्का म्हणाल्या.

"चांगलं केलंत. सिस्टर, सलाईन लावा. फास्ट सोडा. एक संपली की दुसरी."

"डाक्टर, खोकल्यातनं तांबडा फेस आलाय," मी म्हणाले आणि फडकं पुढं केलं.

त्यांनी लांबूनच बघितलं. "घसा फुटला असेल खोकून. बीपी वर आलं की बरं वाटेल."

सुई टोचली. बाटलीतलं पाणी टपटप नाही, धारेनं सुटलं. मी बाटलीकडं बघत होते आणि वैजूकडं बघत होते. बाटली एक बोट खाली गेली. वैजूचे खांदे वर चढायला लागले. बाटली दोन बोटं खाली गेली. आता तिच्या छातीतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. तिनं माझं मनगट पकडलं. नखं रुतली.

"काकी," ती म्हणाली. "बुडतीय."

मी अडाणी बाई. सातवीत शाळा सुटली. मला औषधातलं काही कळत नव्हतं. पण पाण्यात बुडणाऱ्या माणसाच्या अंगात आणखी पाणी घालतायत एवढं मला दिसत होतं, आणि ते दिसायला शाळा लागत नाही.

डॉक्टर दाराशी पोचले होते. मी आडवी आले.

"डाक्टर, तिच्या डाव्या हाताला नाडीच न्हाई."

"बीपी इतकं लो असलं की नाडी लागत नाही, काकू."

"उजव्या हाताला हाय. धाडधाड आपटतीय. लो असलं तर दोन्हीकडं लोच असंल न्हवं?"

ते थांबले. एक क्षण मला वाटलं, आता परत फिरतील.

"तुम्ही पेशंटच्या कोण?"

"कासारीण."

ते हसले. वाईट नाही हसले, मायेनंच हसले, आणि म्हणूनच ते हसू मला आजही आठवलं की दात आवळतात. "तुम्ही बांगड्या भरा, काकू. आम्हाला आमचं काम करू द्या." आणि ते पलीकडच्या खोलीत गेले. तिथं एक बाई कळा देत होती.

आता खोलीत आम्ही चौघी. वैजू, गोदाक्का, सिस्टर आणि मी.

"सिस्टर," मी म्हणाले, "दोन्ही मनगटं एकदम धरा. माझं ऐकू नका. तुमच्या बोटांचं ऐका."

"बाई, सर आत्ताच—"

"धरून तर बघा!"

सिस्टरांनी धरली. एका हातानं डावं, दुसऱ्यानं उजवं. काही क्षण त्या माझ्याकडं कंटाळलेल्या नजरेनं बघत होत्या. मग ती नजर कुठंतरी आत गेली. त्यांनी डाव्या हातावरची बोटं हलवली, दाबली, वर सरकवली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"आजी, ताईत काढा," त्या म्हणाल्या.

"न्हाई." गोदाक्का खाटेजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"उजव्या हाताचं बीपी बघायचंय. पट्टा बसत नाही त्याच्यावर."

"सात म्हयनं डावा चालला, आजच का न्हाई चालत? ही कासारीण म्हणती म्हणून?"

"आक्का, पोर मरंल," मी म्हणाले.

"तोंड सांभाळ! ताईत सुटला तर मरंल. दोन गेली माझी. दोन! तिसरं मी जाऊ देणार न्हाई. सकाळी तू बांगडी फोडलीस, आता ह्याच्यावर आलीस व्हय? काय वैर हाय तुझं आमच्या घराशी?"

त्यांनी वैजूचा उजवा दंड दोन्ही हातांनी झाकून धरला. लहान मूल धरावं तसा. मला त्यांचा राग आला, आणि त्या क्षणीच कळलं की माझ्यापेक्षा जास्त त्या घाबरल्यात. पण घाबरलेलं माणूसही जीव घेऊ शकतं.

तेवढ्यात वैजूनं दंड सोडवून घेतला. बोलता येत नव्हतं तिला. बोलण्याएवढा वारा छातीत नव्हता. तिनं फक्त तो सुजलेला उजवा हात, माझ्याच अकरा हिरव्या बांगड्यांचा, सासूच्या हातातून ओढला आणि माझ्यापुढं धरला.

सिस्टरांनी ट्रेमधून कात्री उचलली. माझ्याकडं सरकवली.

"मी नाही कापणार," त्या हळू म्हणाल्या. "माझीही लेक पोटुशी आहे."

मी कापला. दोरा मांसात इतका रुतला होता की कात्रीचं टोक आधी कातडीखाली घातल्यासारखं घालावं लागलं. सात गाठींतली एकही सुटली नाही, दोराच तुटला. चांदीची पेटी फरशीवर पडली. गोदाक्का खाली बसल्या आणि ती शोधायला खाटेखाली हात घालून चाचपडायला लागल्या. त्यांच्या तोंडून आवाज येत होता, तो रडण्याचा नव्हता. माझ्याकडं त्याला शब्द नाही.

सिस्टरांनी पट्टा गुंडाळला. फुगा दाबला. डब्यातला पारा चढायला लागला. शंभर. दीडशे. मला वाटलं आता थांबेल. तो चढतच गेला. सिस्टरांनी हळूहळू हवा सोडली, ऐकलं, आणि त्यांचा हात पहिल्यांदा कुठं गेला असेल तर सलाईनच्या चाकाकडं. त्यांनी ते गच्च बंद केलं. मग दार उघडून ओरडल्या.

"सर! दोनशे वीस! दोनशे वीस-एकशे तीस आहे हिचं!"

डॉक्टर हातमोज्यांसकट धावत आले. स्वतः मोजलं. पुन्हा मोजलं. डावा मोजला, उजवा मोजला. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मग सुरू झाली ती पळापळ. इंजेक्शन, नाकाला नळी, जिभेखाली गोळी, मिरजेला फोन, गाडी. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. माफी सोडा, मला नुसतं बघायलाही त्यांना जमलं नाही. मी मात्र त्यांच्याकडं बघत राहिले. सात महिने या माणसानं एक कार्ड भरलं होतं. प्रत्येक वेळी "लो". एकदाही त्याच्या मनात आलं नाही की तेवीस वर्षांच्या पोरीचे दोन गर्भ पडतात, हातपाय सुजतात, तिला बसून झोपावं लागतं, तर दुसरा हात बघावा. ताईताची अडचण होती म्हणे. बीपीचा पट्टा ताईताला भिऊन सात महिने डाव्या हाताला राहिला, आणि डॉक्टर पट्ट्याला धरून राहिला.

*

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात वैजू वाचली. पोटातलं बाळ वाचलं नाही. आम्ही पोचलो तेव्हाच त्याचे ठोके लागले नाहीत.

तिसऱ्या दिवशी तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं. शिवदास कोइमतूरहून आला होता, त्याच्या अंगावर अजून प्रवासातलेच कपडे होते. आजाराचं नाव जपानी होतं, मला दोनदा विचारावं लागलं. ताकायासू.

"आपल्या अंगात रोगाशी लढणारी ताकद असते ना," त्या म्हणाल्या, "ती ताकदच चुकून आपल्या रक्ताच्या मोठ्या नळ्यांवर उलटते. नळ्या सुजतात, आतून अरुंद होतात. हिची डाव्या हाताला जाणारी नळी जवळजवळ बंद आहे. म्हणून तिथं नाडी नाही आणि बीपी कमी दिसतं. खरं बीपी भयंकर जास्त होतं. त्या दाबाविरुद्ध हृदय ढकलत राहिलं. मुख्य नळीच्या तोंडाशी असलेली झडप आता गळतेय. हृदय मोठं झालंय. त्यात पोटात बाळ. रक्त पुढं जाईना, म्हणून फुप्फुसात पाणी भरलं."

"बरी हुईल?" शिवदासनं विचारलं.

"औषधं जन्मभर. झडपेचं पुढं बघू, कदाचित बदलावी लागेल. मूल पुन्हा नको. आणि मीठ एकदम बंद."

गोदाक्का कोपऱ्यात होत्या. मुठीत चांदीची पेटी. त्यांनी मान वर केली. "मिठानं हुतंय व्हय हे?"

डॉक्टरीणबाई उत्तर देणार होत्या. मी आधी बोलले, "न्हाई, आक्का. मिठानं काय हुतंय? आजार जुना हाय."

ते खोटं मी आजही पुन्हा बोलेन. ज्या बाईनं रात्र रात्र सुनेची पाठ चोळली, तिला मी सांगू की दिवसाचे चार पेले तू स्वतःच्या हातानं काय पाजलंस?

डॉक्टरीणबाईंना कळलं. त्यांनी विषय बदलला. "नवल एवढंच वाटतं, हे कुणाच्याच लक्षात कसं नाही आलं? नाडी काही सात महिन्यांत गेलेली नाही. लग्नाच्या आधीपासून नसणार."

मी खाली फरशीकडं बघितलं.

माझ्या लक्षात आलं होतं.

अडीच वर्षांपूर्वी, लग्नाच्या आदल्या दिवशी, वैजूच्या माहेरी चुडा भरायला मीच गेले होते. उजव्याला सव्वादोनची, डाव्याला त्याहून लहान, दोन-दोनच्या मापाची. डाव्या मनगटावर माझा अंगठा तेव्हाही थांबला होता. तेव्हाही मी दोन बोटं लावून बघितलं होतं. वैजूची आई समोर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तिनं नुसती मान हलवली, इतकी बारीक की दुसऱ्या कुणाला कळली नसती. उद्या लग्न आहे, काकी. मांडव घातलाय. मी बांगडी चढवली. माझी सासू जिथं असेल तिथं खूश झाली असेल. दहा बांगड्या मी त्या मेल्या मनगटात सरकवल्या आणि वर "सौभाग्यवती हो" म्हणून आशीर्वादही दिला.

डॉक्टर चुकला, कारण त्यानं बघितलं नाही. मी बघितलं होतं.

*

गोदाक्कांनी गावभर सांगितलं. यमुना कासारणीनं बांगडी फोडली, ताईत कापला आणि बाळ गेलं. तीन गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या की लोकांना पटतं. पोटुश्या बाया माझ्यासमोर हात धरेनात. डोहाळजेवणाला मला कुणी बोलवेना. वैजूच्या घराचा उंबरा तर मला कायमचा बंद झाला. सोळा वर्षं लोकांनी मला शिव्या दिल्या, आणि दिल्या त्या नेमक्या मी आयुष्यात केलेल्या एकुलत्या एका शहाणपणाच्या कामाबद्दल. ज्याबद्दल द्यायला हव्या होत्या, ते कुणाला ठाऊकच नव्हतं. मी भांडले नाही. शिव्या भलत्या पत्त्यावर येत होत्या, पण घर माझंच होतं.

एक बदललं. तेव्हापासून मी प्रत्येक पोरीची दोन्ही मनगटं धरते आणि दोन्हीकडं ठोका लागेपर्यंत बांगडीला हात लावत नाही. वळ दिसला की विचारते, मोठ्यानं, घरच्यांसमोर. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

गेल्या मार्गशीर्षात गोदाक्का वारल्या. संक्रांतीच्या आदल्या दुपारी माझ्या दारात वैजू उभी. एकोणचाळीस वर्षांची. गळ्याच्या खाली, ब्लाउजच्या कडेला, झडपेच्या ऑपरेशनचा व्रण. तीन पायऱ्या चढली आणि चौकटीला धरून थांबली.

"काकी, बांगड्या भरायच्यात."

मी पोतं अंथरलं. ती टेकून बसली. हातात गोळ्यांचा डबा होता, तो बाजूला ठेवला. मी तेलाची वाटी घेतली, पण हात पुढं जाईना. इतकी वर्षं गिळलेलं वर आलं.

"वैजू, तुझ्या लग्नात—"

"काय?"

"चुडा भरताना मला कळलं हुतं. ह्या हाताला ठोका न्हाई ते. मी बोलले न्हाई."

मला वाटलं ती उठेल. शिव्या देईल. खऱ्या पत्त्यावर, एकदाच्या.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

"कसं?"

"तुमचा अंगठा थांबला हुता, काकी. लई वेळ. मग तुमी आईकडं बघितलं." ती दम घ्यायला थांबली. "मी आईला सांगून सांगून दमले हुते. हात दुखतोय, केस विंचरताना गळून पडतोय. ती म्हणायची, लगीन हुऊ दे, मग बघू. मला वाटलं, तुमी म्हणालात तर ऐकतील. कासारणीचं ऐकतात बाया. तुमचा अंगठा थांबला आन् मला वाटलं, आता सांगत्याल."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी तिळगुळाचे डबे उतरवत होतं.

"मी वाट बघत हुते," वैजू म्हणाली.

तिनं पदरातून डावा हात काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. थंड, बारीक. मी अंगठा ठेवला. काही नव्हतं. तिनं मला ठेवू दिला, जितका वेळ ठेवायचा तितका.

"घाला आता," ती म्हणाली. "आधी डावा. दोन-दोनचीच हुईल."

मी तेल लावलं. बांगडी कुठंच अडकली नाही.